रबराच्या भूमितीत न बसणारी वाटणी

चहाचा कप आणि मेदूवडा एकच, या वाक्याशिवाय टोपॉलॉजीवरचा मराठी लेख सहसा सुरू होत नाही. परभणीच्या एका शिक्षक-शिबिरात मीही सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ‘ही रबराची भूमिती’ असं सांगून मोकळा झालो होतो. सेलूकडच्या एका गुरुजींनी विचारलं, “ताणल्यावर सगळंच हलतं, मग न हलणारं काही असतं का, सर?” मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर आहे, आणि ते आपल्या लाडक्या उपमेच्याच मुळावर येतं. १९८४ साली फॉन्स व्हान एंगेलन यांनी संख्यारेषेचे अ आणि ब असे दोन गट पाडून दाखवले. प्रत्येक बिंदू कुठल्यातरी एकाच गटात. दोन्ही गट टोपॉलॉजीच्या दृष्टीने समान, म्हणजे त्यांच्यात दोन्ही बाजूंनी संतत अशी एकास-एक संगती लागते. शिवाय प्रत्येक गट ताठर! त्याची स्वतःशी अशी संगती एकच : प्रत्येक बिंदू जागच्या जागी.

अशा गटात रेषेचा इवलासाही सलग तुकडा असू शकत नाही. असला, तर टोकं धरून आतले बिंदू सरकवता येतील (० ते १ मध्ये क्ष च्या जागी क्ष² घेऊन पाहा) आणि ताठरपणा संपेल. तेव्हा ही बांध घालून केलेली भावाभावांची वाटणी नव्हे. ज्वारीत तूर मिसळून फोकावी, तसे दोन्ही गट सगळीकडे आहेत.

आता रबर आणू. समजा, सगळी रेषा ताणून, आखडून किंवा उलटवून अ ला ब वर बसवलं. मग ब आपोआप अ वर जाईल. हीच कृती दोनदा केली की अ स्वतःवर येतो. तो ताठर, म्हणून त्याचा प्रत्येक बिंदू मूळ जागी परततो. अ सर्वत्र पसरलेला असल्याने उरलेली रेषाही परतते. पण रेषा उलटवली नसेल, तर उजवीकडे सरकलेला बिंदू दुसऱ्या वेळी आणखी उजवीकडेच जाईल. डावीकडे सरकलेल्याचंही तसंच. म्हणजे कोणी हललंच नाही. उलटवली असेल, तर एक बिंदू जागीच राहतो, आणि त्याला अ व ब दोन्हींत असावं लागतं. दोन्ही अशक्य.

साम्य आहे, पण ते रेषा ताणून मिळत नाही. कप-वड्याने मात्र आपल्याला ‘समान म्हणजे ताणून मिळणारं’ अशी सवय लावली. ही वाटणी रचण्याची रीत शाळेच्या आवाक्याबाहेरची आहे, तिचं चित्रही निघत नाही. वरचा युक्तिवाद मात्र दहावीचं पोर समजू शकतं. आपण तिथवर जातच नाही, वड्यापाशीच थांबतो. त्या दिवशी मीही थांबलो होतो.