तारीख पडलेली आई

आपल्या लिखाणात आई उदंड आहे. शेण वेचणारी, मोळी वाहणारी, पोरांना घास देऊन आपण पाण्यावर झोपणारी. पण नवऱ्याचा मार चुकवत, पोर काखेला मारून घराबाहेर पडलेली आई कुठाय? ती मला हुडकावी लागते.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) वस्ती आहे, सासुरवास आहे, चळवळ आहे. स्वतः खाल्लेल्या माराबद्दल मात्र त्या बोलल्या ते मुलाखतीत. ती २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबत छापली. मारच पुस्तकाबाहेर राहिला, तर पोर घेऊन निघणं पुस्तकात कुठून येणार?

मल्लिका अमरशेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये (१९८४) घरातला मार छापला. नवरा कोण? पँथरचा नामदेव ढसाळ. झालं! एक म्हणतो, चळवळीची बदनामी. दुसरा त्या पुस्तकाची काठी करून नामदेवला झोडतो. दोघांची नजर बाप्यावरच. मी म्हणतो, ते पुस्तक त्यातल्या लेकरासाठी वाचा. बाईचा पाय कुठं अडकतो ते तिथं कळतं.

कायद्याचंही वाचा. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच १९५६ साली हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा झाला. नाव हिंदू, लागू बौद्धांनाही. नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं पोर सहसा आईकडं. पोराचं हित सगळ्यात वर, हेही त्यातच. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाप लक्षच देत नसेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं मॅजिस्ट्रेटाकडं तात्पुरता ताबा मागता येतो.

कागदावर एवढं आहे. पण घाटकोपर-मुलुंडची बाई वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात उभी राहिली की समोरून प्रश्न येतात. खोली कुणाच्या नावावर? कामावर गेल्यावर पोर कुणाकडं? चार घरची धुणीभांडी करते म्हणून पोर जेवतं, आणि तेच काम तिच्याविरुद्ध पुरावा होऊन बसतं.

ही उलटतपासणी आपल्या कुठल्या कथेत आहे? आईवरच्या कविता पुष्कळ झाल्या. आता तारीख पडलेल्या आईचं लिहा. आणि ती स्वतः लिहून आणील तेव्हा आधी तिच्या नवऱ्याचं नाव विचारू नका.