शब्बाथ कुणाचा? एका जुन्या वादातली निसटती पायरी

शब्बाथ फक्त इस्राएलला दिला होता की सगळ्या माणसांना, हा वाद बायबलच्या अभ्यासात फार जुना आहे. दोन्ही बाजूंचं लिखाण शेजारी ठेवून वाचलंत तर एक गोष्ट लगेच दिसेल: दोघंही तेच चार-पाच उतारे वापरतात. म्हणजे पुरावा कमी पडत नाहीये. पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाताना एक पायरी निसटतेय.

'सर्वांसाठी' म्हणणाऱ्यांचा (आज यात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पुढे आहेत; पुण्यातलं स्पायसर त्यांचंच) हुकमी मुद्दा उत्पत्तीच्या २ऱ्या अध्यायाचा. देवाने सातव्या दिवशी काम थांबवलं आणि तो दिवस पवित्र केला. तेव्हा ना इस्राएल होता, ना मोशे, ना सीनाय. मग दिवस सगळ्यांचाच, नाही का?

जरा थांबा. त्या उताऱ्यात 'शब्बाथ' हे नाम नाहीच. 'थांबणे' अशा अर्थाचं 'शावत' हे क्रियापद आहे, आणि आज्ञा कुणालाच नाही. नोहा किंवा अब्राहाम सातवा दिवस पाळतोय असं उत्पत्तीत कुठेही दिसत नाही. लोक तो पाळताना पहिल्यांदा दिसतात ते निर्गम १६ मध्ये, रानात मान्ना गोळा करताना. अर्थात, उल्लेख नाही म्हणून प्रथाच नव्हती, असंही सिद्ध होत नाही; 'फक्त इस्राएल'वाले इथे घाई करतात.

यापेक्षा चांगली चाचणी आहे. 'सृष्टीपासून आहे, म्हणून सर्वांसाठी आहे' हे विधान खोडायला एक उलटं उदाहरण पुरे. ते इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या 'जुबिलीज' या यहुदी ग्रंथात मिळतं. त्याच्या मते शब्बाथ सृष्टीपासूनचा, स्वर्गात देवदूतही तो पाळत, आणि तरीही पृथ्वीवर तो एकट्या इस्राएलला दिलेला! दोन-एक शतकांनी अलेक्झांड्रियाचा फिलो, तोही यहुदीच, त्याच सातव्या दिवसाला साऱ्या जगाचा सण म्हणतो. गृहीतक तेच, निष्कर्ष विरुद्ध. तेव्हा या गृहीतकावर निकाल लागत नाही, हे मान्य करावं लागेल.

मग कशावर लागतो? माझ्या मते, इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेलेत: आज्ञा कुणाला केली, आणि विश्रांती कुणाला मिळाली.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. निर्गम २० मध्ये शब्बाथचं कारण सृष्टी आहे. अनुवाद ५ मध्ये मिसरातली गुलामी. कारणं बदलली, पण विश्रांती कुणाला, ती यादी जवळपास तीच राहिली: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं, वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादात तर दासदासींनाही मालकासारखाच विसावा मिळावा, असा हेतू स्पष्ट केलाय. आता यात आज्ञा कुणाला आहे बघा. बैलाला नाही, दासीलाही नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काम थांबवणं आहे, त्या इस्राएली घरमालकाला आहे. परक्याला सुट्टी मिळते ती कराराचा भागीदार म्हणून नव्हे, त्या मालकाच्या हद्दीत राबतो म्हणून.

हे धरून चाललं की इतर उतारे फारसे भांडत नाहीत. निर्गम ३१ शब्बाथला देव आणि इस्राएल यांच्यातली खूण म्हणतं. आमोस दिमिष्क, गाझा, सोर यांना क्रौर्याबद्दल झोडपतो, शब्बाथ मोडल्याबद्दल नाही. तो विषय तो इस्राएलमधल्या धान्यव्यापाऱ्यांसाठी राखून ठेवतो. नहेम्या १३ मध्ये सोरचे मासळीविक्रेते यरुशलेमेत शब्बाथला धंदा करतात. नहेम्या खडसावतो यहूदाच्या सरदारांना आणि वेशी बंद करतो. ते लोक आपल्या सोरमध्ये शनिवारी काय विकतात, याची त्याला पडलेली नाही.

राहिला मार्क २:२७, शब्बाथ माणसासाठी झाला असं सांगणारा. 'माणूस' शब्द आला म्हणजे सगळी मानवजात आलीच, असा अर्थ सर्रास काढला जातो. पण तिथला वाद कणसं मोडून खाण्याचा आहे, बिगर-यहुद्यांचा नाही. अगदी जवळचा विचार रब्बींच्या 'मेखिल्ता'तही आहे, आणि तिथे तो निर्गम ३१ वरच, म्हणजे इस्राएलबद्दल बोलताना येतो.

हा नुसता व्याकरणाचा खेळ नाही. खूण तेव्हाच खूण असते जेव्हा शेजारी ती बाळगत नाही. सगळ्यांनाच बंधनकारक म्हटलं की ज्यांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली त्यांच्या हातातून ती काढून घेतली जाते. उलट 'फक्त इस्राएल'वर थांबलं, तर दासीची सुट्टी तळटीपेत जाते.

दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर आपल्या कोकणात बघा. तिथल्या बेने इस्राएल लोकांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा चालवत नसत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. गावाने स्वतः शनिवार पाळायला घेतला नाही, पण खूण बरोबर ओळखली. आणि घाणा थांबला की त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही. अनुवाद ५ च्या यादीत तोही नावानिशी आहे.