‘व्हिंटेज’ या पदाची चिकित्सा : जुन्या विद्युत्-गिटारींच्या मूल्यासंबंधी काही विचार

वाद्य जुने झाले म्हणजे त्याचा मान वाढतो, ही समजूत संगीताच्या क्षेत्रात नवी नाही. स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनांभोवती ती दीर्घकाळ नांदत आली आहे. परंतु ते वाद्य एका कारागिराच्या हातचे. विद्युत्-गिटारची गोष्ट निराळी. ती कारखान्यात, यंत्रांच्या साहाय्याने, ठरलेल्या नमुन्याबरहुकूम तयार होऊन दुकानांतून विकली गेली. अशा वस्तूच्या १९५० ते १९६५ या काळातील काही प्रतींना आज एखाद्या घराइतकी किंमत यावी, हे कसे? प्रस्तुत लेखक वादक नाही. भाषेचा अभ्यासक आहे. म्हणून तो या प्रश्नाकडे शब्दाच्या वाटेने जाऊ इच्छितो. वाचकांनी ही मर्यादा आरंभीच ध्यानात घ्यावी.

या गिटारींस लावले जाणारे विशेषण ‘व्हिंटेज’ हे होय. त्याचे मूळ द्राक्षांच्या तोडणीत आहे. लॅटिन ‘विन्देमिया’ म्हणजे द्राक्षांचा हंगाम. फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला. प्रथम त्याचा अर्थ द्राक्षांचा हंगाम, नंतर त्या त्या वर्षीची मदिरा, आणि पुढे नावाजलेल्या वर्षीची मदिरा असा झाला. कालनिर्देश करणारा शब्द अशा रीतीने गुणनिर्णय करू लागला. अर्थोत्कर्षाचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. परंतु येथे त्याचे महत्त्व अधिक आहे. ‘ही गिटार १९५९ ची आहे’ हे विधान पडताळून पाहता येते. ‘ही गिटार व्हिंटेज आहे’ या विधानात मात्र एक निर्णय आधीच दडलेला असतो, आणि ऐकणारा तो तारखेइतकाच वस्तुनिष्ठ मानून पुढे जातो. या विषयावरील लेखनात आढळणारा घोटाळा बव्हंशी या सरमिसळीतून उत्पन्न होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीने १९५२ साली ‘लेस पॉल’ या नावाची गिटार काढली. १९५७ साली तिला सेथ लव्हर यांनी योजलेले दुहेरी वेटोळ्यांचे ‘हंबकर’ पिकअप बसविण्यात आले. १९५८ साली सोनेरी रंग जाऊन मध्यभागी पिवळी व कडांकडे तांबडी होत जाणारी ‘सनबर्स्ट’ छटा आली. किंमत अडीचशे डॉलरांच्या आसपास होती. तरीही गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही आणि १९६० नंतर कंपनीने तो घाटच बदलला. या अल्पावधीत तयार झालेल्या सनबर्स्ट गिटारींची संख्या दीड हजाराच्या आगेमागे मानली जाते. त्यांतील चांगली प्रत आज लाखो डॉलरांना विकली जाते.

हे मूल्य कोठून आले? नेहमी दिले जाणारे उत्तर द्रव्याचे आहे. त्या काळच्या गिब्सन गिटारींत ब्राझीलची शिसव वापरली जाई. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. पिकअपची वेटोळी सर्वत्र समान नसत, चुंबकही एकाच प्रतीचे नसत. त्यामुळे एका गिटारचा नाद दुसरीहून थोडा निराळा येई. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. २०१० साली इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांचे सहकारी यांनी २१ वादकांकडून नवी व जुनी व्हायोलिने ओळख पटू न देता वाजवून घेतली. जुने वाद्य कोणते, हे वादकांना खात्रीने ओळखता आले नाही. सर्वांत कमी पसंती मिळालेले वाद्य तर स्ट्रॅडिव्हेरियस होते. हा निष्कर्ष गिटारला जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि ज्या वाद्याचा नाद ध्वनिवर्धकावरही तितकाच अवलंबून असतो, त्याचे सारे मूल्य लाकडात शोधणे अधिकच धाडसाचे ठरेल.

रंगाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. सनबर्स्टमधील तांबडा रंग उजेडात टिकत नसे. काही वर्षांत तो विटून मधासारखा, तर कधी लिंबासारखा होई. कंपनीच्या दृष्टीने हा दोष होता, आणि १९६० साली तिने न विटणारा रंग वापरण्यास प्रारंभ केला. आज संग्राहक त्या विटलेल्या छटांनाच नावे देतात व त्यांवर भाळतात. रंगद्रव्य तेच, बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टी.

ही दृष्टी वादकांनी घडविली. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी ही गिटार मार्शल ध्वनिवर्धकास जोडून चढ्या आवाजात वाजविली. आवाज फाटणे हा जो दोष समजला जाई, तो तेथे शैली झाला. इतर वादक त्याच जातीच्या गिटारी शोधू लागले, आणि १९६८ साली गिब्सनला बंद केलेला नमुना पुन्हा काढावा लागला. भाषिक चिन्हाचे मूल्य त्याच्या द्रव्यात नसून व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधात असते, असे सोस्यूर यांनी प्रतिपादिले. प्रयोगाने रूढ झालेल्या शब्दासारखे या गिटारचेही मूल्य प्रयोगातून आले.

असे असता बाजाराची कसोटी मात्र ‘मूळपणा’ ही आहे. मूळ रंग काढून नवा दिला की किंमत निम्म्यावर येते, असा या व्यापारातील सर्वसाधारण संकेत आहे. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएसला विकली गेली, तेव्हा ‘प्री-सीबीएस’ हा शब्द रूढ होऊन त्यानंतरच्या गिटारी हलक्या समजल्या गेल्या. आता अपवाद पाहा. डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकॅस्टर १९६९ ची, म्हणजे सीबीएसच्या काळातील. तिची दांडी, पिकअप व इतर भाग वेळोवेळी बदललेले. तीच २०१९ साली न्यूयॉर्क येथील लिलावात ३९,७५,००० डॉलरांना गेली, आणि तो त्या वेळचा उच्चांक होता. पीटर ग्रीन यांची १९५९ ची लेस पॉल तर एका पिकअपच्या चुंबकाचे ध्रुव उलटे असल्यामुळे निराळी वाजते. ती पुढे गॅरी मूर यांच्याकडे आणि २०१४ पासून कर्क हॅमेट यांच्याकडे आहे. तेही तिला रंगमंचावर नेतात. या अपवादांची प्रसिद्ध वादकांच्या नावामुळे संभावना केली जाते, परंतु ते स्पष्टीकरण आमच्याच पक्षाचे आहे. कारण वादकाचे नाव हेच वाजविण्याच्या इतिहासाचे नाव होय.

वापराची ही ओढ फेंडर कंपनीनेही ओळखली. १९९५ च्या सुमारास तिने नव्या गिटारी मुद्दाम खरवडून, रंग उडवून ‘रेलिक’ या नावाने विकावयास प्रारंभ केला. नव्या ग्रंथात आर्ष रूपे पेरून जुनेपणाचा आभास निर्माण करणाऱ्या लेखकाची येथे आठवण होते. व्याकरण साधते, बोलणाऱ्यांची परंपरा मात्र त्यामागे नसते.

संग्राहकांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हात न लागलेल्या काही प्रती शिल्लक नसत्या, तर त्या काळची बांधणी कशी होती हे आज निश्चितपणे सांगता आले नसते. अशा प्रती आधारप्रती म्हणून जपाव्यात. परंतु पाठचिकित्सक शुद्ध संहिता शोधतो ती वाचली जावी म्हणून; बासनात बांधून ठेवण्यासाठी नव्हे. ज्या गिटारी केवळ किंमत उतरेल या भयाने पेटीबाहेर येत नाहीत, त्यांना पुढील पिढीच्या हातचा अर्थ लाभण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून समीक्षकाने जुन्या गिटारसंबंधी लिहिताना वर्ष, दुरुस्त्या आणि वादनाचा इतिहास या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात, आणि गुणनिर्णय त्यानंतर, स्वतःच्या कानाने ऐकून करावा. ‘व्हिंटेज’ या शब्दाने ते काम परस्पर उरकू देऊ नये.