चोळे पॉवर हाऊस आणि 'स्वच्छ' हा शब्द

बंद पडलेल्या वीजघराचं 'स्वच्छ ऊर्जा केंद्र' करायचं म्हटलं की प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड ठरलेली असते. डावीकडे काळी चिमणी, उजवीकडे चकचकीत सोलर पॅनल आणि मध्ये हिरवा बाण. ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसच्या जागी असं एखादं केंद्र व्हावं, असं मला मनापासून वाटतं. माझा आक्षेप फक्त त्या बाणाला आहे.

आधी थोडा इतिहास, कारण डोंबिवलीत वाढलेल्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना 'पॉवर हाऊस' हे रिक्षावाल्याला सांगायचं ठिकाण म्हणूनच माहीत असतं. (इंग्रजी कागदांत ते 'चोला' होतं. दक्षिणेतल्या राजघराण्याशी संबंध नाही, शेजारचं चोळे गाव एवढाच.) ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली इलेक्ट्रिक लोकल चालवली, 1500 व्होल्ट डीसीवर. पुढचं आव्हान घाटांचं होतं. बोरघाटात आणि थळघाटात वाफेच्या इंजिनांचा अक्षरशः दम निघायचा. म्हणून कंपनीने कल्याणच्या अलीकडे स्वतःचं कोळशावरचं वीजघर बांधलं. ते 1929 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी विजेची तार पुण्यापर्यंत पोचली आणि 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुटली. तिच्या डायनिंग कारमधल्या ऑम्लेटवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. घाट चढताना तिच्यासाठी कोळसा कुठे जळत होता, यावर फारसं नाही. इंजिनातून निघणारा धूर थांबला नव्हता, तो ठाकुर्लीला एका चिमणीत गोळा झाला होता. प्रवाशांचे कपडे स्वच्छ राहिले, राख उपसणाऱ्याचे नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे वीजघर बंद झालं. नंतर रेल्वेने ठाकुर्लीत 700 मेगावॉटचा गॅसवरचा प्रकल्प जाहीर केला होता, तोही उभा राहिला नाही.

आता जगातल्या अशा रूपांतरांकडे बघू. सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनचं बँकसाइड. तेलावर चालणारं हे केंद्र 1981 मध्ये बंद झालं आणि 2000 मध्ये तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडलं. तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये 2003 मध्ये ओलाफूर एलियासन या कलावंताने दिवे, आरसे आणि धुकं वापरून एक प्रचंड सूर्य उभारला होता. लोक जमिनीवर आडवे होऊन त्याच्याकडे बघत बसायचे. फोटोत आजही तो भारी दिसतो. पण तेल जाळून शहर उजळणाऱ्या इमारतीत कृत्रिम सूर्य टांगला जातो आणि बोलणं होतं ते फक्त उजेडाच्या अनुभवाबद्दल, हे मला चमत्कारिक वाटतं. बॅटरसी तर सरळच आहे. 2022 पासून तिथे मॉल, ऑफिसं आणि महागडे फ्लॅट आहेत, आणि एका चिमणीतून काचेची लिफ्ट तुम्हाला 109 मीटर उंचीवर नेते. ज्या नळीतून कोळशाचा धूर जायचा, तिच्यातून आता तिकीट काढलेला पर्यटक वर जातो. याहून नेमकं व्यंगचित्र मला सुचलं नसतं.

कॅनडातलं नायगरा पॉवर स्टेशन मला जास्त पटतं. 1905 चं हे जलविद्युत केंद्र 2021 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, जनित्रं जागच्या जागी ठेवून. खाली उतरून ज्या बोगद्यातून वापरलेलं पाणी नदीत परत जायचं, त्यातून चालताही येतं. तिथे यंत्र सजावटीचं सामान झालेलं नाही, वीज कशी होते हे अजून सांगतंय.

पण नायगराचं काम सोपं आहे, पाणी दिसायला सुंदर असतं. आणि आपल्याकडे पाणी तरी कुठे निर्दोष होतं? चोळेला कोळसा पेटण्याआधीच, 1915 मध्ये, बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र चालू झालं होतं. धूर नाही, राख नाही. आजच्या भाषेत शंभर टक्के ग्रीन. त्याच मालिकेतलं पुढचं धरण मुळशीचं. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. म्हणून 1921 ते 1924 सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण झालंच. 1927 पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि मुंबई उजळली. तेव्हा 'कोळसा वाईट, पाणी चांगलं' असा बाण कल्याणच्या भूगोलात काढायचा असेल, तर तो मुळशीच्या माणसाला दाखवून काढावा लागेल.

वर्तमानही त्या बाणात मावत नाही. रेल्वेचा 2030 पर्यंत नेट झिरोचा संकल्प आहे. त्याच रेल्वेने एनटीपीसीबरोबर बिहारमध्ये नबीनगरला 1000 मेगावॉटचं कोळशाचं केंद्र उभारलंय. म्हणजे चिमणी बंद झाली असं पूर्णपणे म्हणता येत नाही, ती आपल्या खिडकीतून दिसेनाशी झाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. जुना कोड काढत नाही, दुसऱ्या सर्व्हरवर हलवतो आणि डॅशबोर्ड हिरवा दिसला की पार्टी करतो.

आणि भारनियमन? माझ्या शाळेच्या दिवसांत डोंबिवलीत रोज काही तास वीज जायची, मुंबईत जायची नाही. आई मेणबत्तीत आमटी ढवळायची, मी गणितं सोडवायचो आणि पलीकडच्या रुळांवरून उजेडाने भरलेली लोकल धडधडत जायची. ज्या गावात पॉवर हाऊस होतं, तिथला अंधार हा केंद्रातला एक पूर्ण दालनाचा विषय आहे. तिथे काही मांडायचीसुद्धा गरज नाही, दिवे घालवले की झालं.

मग ठेवायचं काय? कोळशाची वॅगन, आणि एका डेक्कन क्वीनला घाट चढवायला किती कोळसा लागायचा त्याचा प्रत्यक्ष ढीग. शेजारी तेवढ्याच विजेची राख. इथे काम केलेल्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग, त्यांना 'हेरिटेज'चे दूत न बनवता. मुळशीचा नकाशा. 1500 डीसीची उपकरणं, कारण ज्या व्यवस्थेसाठी हे वीजघर बांधलं ती व्यवस्थाही मुंबईत 2016 मध्ये संपली. आता तारेत 25,000 व्होल्ट एसी आहे. सोलर पॅनल जरूर लावा, पण ते छपरावर असतात, प्रवेशद्वारावर नाही.

एक गोष्ट मात्र इमारतीच्या आत नको. 2007 पासून आलेल्या सीमेन्सच्या लोकल ब्रेक लावताना मोटरचंच जनित्र करतात आणि वीज तारेत परत ढकलतात. स्वच्छ ऊर्जेचं याहून जवळचं उदाहरण आपल्याकडे नाही आणि रोज त्यात उभं राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीत नाही. म्हणून रुळांकडे तोंड करून एक मोठा आकडेफलक लावावा. समोरची गाडी या क्षणी किती वीज घेते आहे आणि त्यातली कोळशाची किती, पाण्याची किती, उन्हाची किती. कल्याण स्लो ठाकुर्लीत थांबायला लागली की आकडा उणे होईल. तो बघायला तिकीट नको, महिन्याचा पास पुरेल.