प्रबोधनकालीन व्यक्तिचित्रातील प्रतीके आणि पेशवे दरबाराची चित्रे

प्रस्तावना

युरोपीय प्रबोधनकाळात व्यक्तिचित्र ही केवळ चेहऱ्याची नोंद नव्हती. चित्रित व्यक्तीचे कुल, संपत्ती, विद्या आणि अधिकार यांची ग्वाही वस्त्रे, अलंकार व भोवतालच्या वस्तू देत असत. तैलचित्रणाची ही परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश चित्रकारांमार्फत पुण्याच्या दरबारात पोहोचली. तेथे ही प्रतीके कोणाच्या प्रतिष्ठेसाठी वापरली गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतीके आणि आश्रयदाता

ब्रॉन्झिनोने सुमारे १५४५ मध्ये रंगविलेल्या एलेओनोराच्या चित्रात चेहऱ्याइतकेच महत्त्व जरीच्या भरजरी पोशाखाला आहे. हान्स होल्बाइनच्या ‘राजदूत’ (१५३३) या चित्रात दोन पुरुषांमध्ये पृथ्वीगोल, खगोलशास्त्रीय उपकरणे आणि तार तुटलेले तंतुवाद्य मांडले आहे. समोर तिरप्या कोनातूनच उमगणारी कवटी आहे. वैभव व विद्या यांच्याबरोबर मृत्यूचे स्मरणही येथे आहे. मात्र हे चित्र त्यांतील एक राजदूत, झां द दँतव्हिल, यानेच काढवून घेतले होते. प्रतिष्ठा ज्याची, आश्रयही त्याचाच होता.

पुणे दरबार

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला व पुढे इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने पुण्यास गेला. त्याने रंगविलेले सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशव्यांच्या अंगावरील मोती त्यांचे पद सांगतात. परंतु सेवक उभे असताना नाना शेजारी बसलेले आहेत, ही मांडणी अधिक बोलकी आहे. दरबारी संकेतात बैठक हाच मानाचा दर्शक असतो. तरुण पेशवे आणि मुरब्बी कारभारी यांचे नाते येथे बैठकीतूनच स्पष्ट होते.

वेल्सच्या १७९५ मधील मृत्यूनंतर त्याच्या रेखाटनांचा आधार घेऊन थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये भव्य दरबारचित्र पूर्ण केले. ते आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा हा प्रसंग वेल्स भारतात येण्यापूर्वीचा आहे. चित्र मॅलेट यांच्यासाठी होते. त्यामुळे दरबाराचे वैभव जितके मोठे, तितकी मॅलेट यांची कामगिरी मोठी ठरते. होल्बाइनच्या चित्रातील वस्तू आपल्या धन्याची थोरवी सांगतात. येथे पेशव्यांचे वैभव दुसऱ्याची थोरवी सांगते.

याहून महत्त्वाची विसंगती कालक्रमात आहे. सवाई माधवराव १७९५ मध्येच निवर्तले होते. भाईंदरच्या खाडीपलीकडील वसई येथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली. बरोबरीच्या नात्याने तह करणारा दरबार रंगांत साकार झाला, तेव्हा ती बरोबरी संपुष्टात आली होती. चित्रात होल्बाइनसारखी कवटी नाही. हे कालांतरच तिची जागा घेते.

निष्कर्ष

ही चित्रे असत्य आहेत असे नव्हे. चेहऱ्यांना वेल्सच्या प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार आहे. परंतु चेहऱ्याची सत्यता म्हणजे मांडणीची सत्यता नव्हे. ऐतिहासिक चित्रे वर्गात छायाचित्राप्रमाणे पुरावा म्हणून दाखविताना चित्र हुबेहूब आहे काय, एवढेच विचारणे अपुरे आहे. ते कोणी, कोणासाठी व केव्हा काढविले, हे प्रश्न विचारल्यावरच त्यातील प्रतीकांचा अर्थ लागतो.