चंदन की चंद्र?

लाओ भाषा जशी बोलली जाते तशी लिहिली जाते, असे नवशिक्याला सांगितले जाते. स्वरांपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्या सोयीची किंमत काय, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला.

स्वरचिन्हे व्यंजनाच्या आधी, नंतर, वर, खाली कुठेही बसतात. काही तर त्याला एकाहून अधिक बाजूंनी वेढतात. मराठी वाचकाने याला बिचकू नये. ‘कि’मधली वेलांटी आपणही आधी काढतो आणि नंतर उच्चारतो. अडचण कानाची आहे. ‘मी’ म्हणजे ‘असणे’. ओठ तसेच ताणलेले ठेवून जीभ मागे नेली की तोच शब्द ‘हात’ होतो. हा स्वर मराठीत नाहीच. ‘खव’ आखूड म्हटले तर शिंग, ‘खाऽव’ लांबवले तर पांढरा. इथे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर गुण जात नाहीत, अर्थच जातो.

आपल्याकडे नेमके उलटे. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना बहुतेकांच्या तोंडी एकच असतात. फरक उरतो तो कागदावर, आणि तिथे तो मूळ संस्कृत शब्दाची आठवण जपतो. शेजारची थाई लिपीही अशी आठवण जपते. व्हिएंतियान हे फ्रेंच वळणाचे रूप. मूळ नाव ‘वियंग चन’. थाई लेखनात त्या ‘चन’पुढे न उच्चारली जाणारी अक्षरे उभी असतात, म्हणून हे चंदन आहे, चंद्र नव्हे, हे कळते. लाओत नुसते ‘चन’.

मला आधी हे नुकसान वाटले. महा सिला विरवोंग यांनी १९३०च्या दशकात पाली-संस्कृत शब्दांसाठी जादा अक्षरे सुचवली होती. ती रुजली नाहीत. फूमी वोंगविचित यांच्या १९६७च्या व्याकरणाने उच्चारानुसारी लेखनाची बाजू घेतली आणि १९७५च्या सत्तांतरानंतर तीच वाट सरकारी झाली. यात राजकारण होतेच: थाई वळणापासून वेगळे होणे आणि साक्षरता वाढवणे.

पण माझी हळहळ कुणाची होती? ‘चन’मध्ये चंदन शोधणारा मी, संस्कृतचा वारसा मिरवणारा परका वाचक. लाओ मुलाला ‘चन’ वाचता यायला हवे; व्युत्पत्ती तो पुढे कोशात पाहील. थाईत ‘खोन’ (माणूस) लिहिताना मधला स्वर गाळतात, लाओत तो व्यंजनाच्या डोक्यावर ठळक बसतो. ‘कमळ’ वाचताना कुठला ‘अ’ म्हणायचा आणि कुठला गिळायचा, हे आपल्या मुलांनी आधीच ऐकलेले असते म्हणून निभते. मराठी घरी न ऐकणाऱ्या मुलाने काय करावे?

लाओ लेखनही निर्दोष नाही. शब्दाचा सूर कळण्यासाठी व्यंजनाचा वर्ग पाठ असावाच लागतो. ‘ऐ’साठी दोन चिन्हे आहेत, राजधानीत दोन्हींचा उच्चार एकच, लुआंग प्रबांगच्या बोलीत मात्र वेगळा. म्हणजे ‘जसे बोलतो तसे’ म्हणताना कोण बोलतो, हे विचारावेच लागते. शुद्धलेखनाच्या आपल्या वादांत हाच प्रश्न सर्वांत शेवटी येतो.