चितमपल्ली वाचताना : कल्पना मोठी की ज्ञान?

मंडळी, आयोजकांनी पत्रातून विषय पाठवला तो असा – 'ज्ञानापेक्षा कल्पनाशक्ती श्रेष्ठ आहे काय?' खाली आइन्स्टाइनचं नाव. हे वाक्य आता शाळाशाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं, त्यामुळे उत्तर 'होय' असंच अपेक्षित असणार. आम्ही हयातभर तत्त्वज्ञान शिकवलं. भिंतीवरची वाक्यं पाहिली की आधी विचारावंसं वाटतं, बाबा, तू आलास कुठून?

१९२९ साली 'सॅटरडे इव्हनिंग पोस्ट' या अमेरिकन नियतकालिकात व्हीरेक नावाच्या पत्रकाराने घेतलेली आइन्स्टाइनची मुलाखत छापून आली. बोलणं चाललं होतं २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल ते आइन्स्टाइनने आधीच गणिताने सांगून ठेवलं होतं. ग्रहणात दोन तुकड्यांनी जाऊन छायाचित्रं घेतली, मोजमाप केलं आणि ते जुळलं. आइन्स्टाइन म्हणाले, याचं आपल्याला मुळीच नवल वाटलं नाही. तेव्हा पत्रकाराने विचारलं, म्हणजे तुमचा भरवसा ज्ञानापेक्षा कल्पनेवर जास्त का? त्याच्या उत्तरात ते वाक्य आलं. भिंतीवर वाक्य राहिलं, ग्रहण पुसलं गेलं. मोजून झाल्यावर बोललेलं वाक्य आपण न मोजण्याची सबब म्हणून वापरतो.

आणि हा वाद काही आइन्स्टाइनपासूनचा नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त तो मांडून ठेवला आहे. हा राजशेखर आपल्याला परका नाही, बरं का. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न त्याने विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीमला लावून दिलं आहे! तो सांगतो, आनंदवर्धनाच्या मते प्रतिभा श्रेष्ठ, कारण व्युत्पत्ती कमी पडली तर प्रतिभा ते झाकून नेते. मंगल नावाचा आचार्य नेमकं उलट म्हणतो, व्युत्पत्ती श्रेष्ठ. राजशेखर म्हणतो, दोन्ही एकत्र असतील तरच. हे उत्तर तडजोडीचं वाटेल. पण त्याआधी त्याने एक बारीक काम करून ठेवलं आहे. जुने आचार्य व्युत्पत्ती म्हणजे बहुज्ञता, पुष्कळ माहिती असणं, असं समजत. राजशेखर म्हणतो, व्युत्पत्ती म्हणजे उचित काय, अनुचित काय याचा विवेक. आता प्रश्न बदलला की नाही? कल्पना माहितीपेक्षा मोठी, हे कोणीही कबूल करेल. कल्पना विवेकापेक्षा मोठी का, असं विचारलं की टाळ्या वाजवणारा हात जरा थांबतो.

हा प्रश्न घेऊन आज आम्हाला एकाच लेखकाकडे जायचं आहे. मारुती चितमपल्ली. जन्म १९३२, सोलापूरचा. १८ जून २०२५ ला ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. सोलापूरचा माणूस, पण त्यांच्या लेखनाचा गाभा आपल्या झाडीपट्टीतला, नवेगावबांधचा. १९९९ पर्यंत नवेगाव आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. म्हणजे दिघोरीत बसून त्यांच्याबद्दल बोलणं हे घरच्या अंगणातलंच बोलणं.

त्यांचं मोठेपण कशात? न्यायशास्त्रात उपमान नावाचं एक प्रमाण आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण असं. नगरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. अरण्यात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग हा नगरवासी रानात जातो, गाईसारखा एक प्राणी पाहतो आणि ओळखतो – हाच तो गवय. चितमपल्ली हे मराठी वाचकाचे आरण्यक. रानातून येऊन पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'अमुक तमुकासारखं असतं' असं त्यांनी सांगितलं, आणि तेही नावानिशी. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' उघडून पाहा. पक्षी तिथे 'एक सुंदर पक्षी' नसतो. त्याला नाव असतं, जमल्यास संस्कृत नाव, ढिवर काय म्हणतो, गोंड काय म्हणतो तेही असतं. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द त्यांनी आणले. लाखभर शब्द दिले असं त्यांच्याबद्दल सांगतात. आम्हाला त्या लाखाशी कर्तव्य नाही. नाव देणं हेच मुळात कल्पनेचं काम आहे. बौद्ध तार्किक दिङ्नाग तर नाव, जाती जोडण्यालाच कल्पना म्हणतो. मराठीत मात्र कल्पना म्हटलं की कल्पनाविलास तेवढा उरला.

पण त्या गवयाच्या उदाहरणात एक गोष्ट विसरू नका. प्रमाण पूर्ण होतं ते नगरवासी स्वतः रानात जाऊन पाहतो तेव्हा. नुसतं ऐकून तो घरीच बसला तर त्याच्याजवळ ऐकीव वाक्यच राहिलं. चितमपल्लींचा वाचक बहुधा घरी बसलेला आहे.

आता नवेगावचा तलाव घ्या. गॅझेटियरात नोंद आहे, अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. पुढे याच कोलू पाटलांचा कोलासुर देव झाला, तलावाकाठच्या टेकडीवर त्याचं ठाणं आहे. भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि पाळ बांधायला त्यांनी हातभार लावला अशी कथा. इथे दोन वेगवेगळ्या कल्पना आहेत. एक पाळीच्या आधीची. कोरड्या खोऱ्याकडे पाहून तिथे पाणी पाहायचं, ते कुठवर चढेल, सांडवा कुठे काढायचा, कोणत्या बांध्या भिजतील हे डोळ्यांपुढे आणायचं. तलाव नसताना तलाव दिसणं ही कल्पनाच. पण ती पावसाला बांधील होती. चूक झाली असती तर पाळ फुटली असती. दुसरी कल्पना पाळीनंतरची. बांधणाऱ्याचा देव झाला, टेकड्यांच्या बहिणी झाल्या. ही कल्पना सुंदर आहे, तिने कोलू पाटलांचं नाव तीनशे वर्षं टिकवलं. पण तिला पाऊस काही विचारत नाही. आणि तिच्यातून पाळीचा उतार शिकता येत नाही.

हे आपल्या पोटाशी येणारं आहे, मंडळी. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, त्यांचे 'मामा तलाव' झाले. गाळ भरला, बेशरम माजली, देव मात्र जिथल्या तिथे. अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजाच्या बायांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या, मासळी परतावी म्हणून. उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळात उभं राहून पुढच्या भादव्यातली मासळी पाहायची. ही पहिल्या जातीची कल्पना.

चितमपल्लींच्या लेखनात या दोन्ही कल्पना आहेत, आणि आमची तक्रार एवढीच की त्या दोन्ही एकाच आवाजात बोलतात. त्यांच्या नावावर दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत फिरणारी विधानं तुम्हाला पाठ असतील. मे महिन्यात कावळ्याने बाभूळ, सावर अशा काटेरी झाडावर घरटं केलं तर पाऊस कमी, आंब्या-करंजावर केलं तर चांगला. आणि दुसरं, अवर्षण येणार असलं तर वाघीण विशिष्ट वनस्पती खाऊन गर्भपात घडवून आणते. ही दोन विधानं सारख्या जातीची नाहीत. पहिलं तपासता येतं. दुसरं? ते कोणी पाहिलं? वाघीण गाभण होती हे कसं कळलं, वनस्पती कोणती, पुढे अवर्षण आलं का? हे लेखकाने पाहिलेलं आहे, एखाद्या गोंड म्हाताऱ्याने सांगितलेलं आहे, की दोन गोष्टी जोडून केलेलं अनुमान आहे? न्यायशास्त्र म्हाताऱ्याच्या शब्दाला हलकं लेखत नाही. शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे, आप्ताचा असेल तर. मग 'मला अमक्याने सांगितलं' असं म्हणायला काय हरकत? तसं म्हटल्याने म्हाताऱ्याचा मान वाढतो, कमी होत नाही. सगळंच 'असं असतं' या एका सुरात आलं की प्रत्यक्ष, शब्द, अनुमान यांची सरमिसळ होते, आणि छत्तीस वर्षं वनखात्यात राबून मिळवलेलं अस्सल पाहणंदेखील ऐकीवाच्या रांगेत जाऊन उभं राहतं. नुकसान लेखकाचंच.

'चकवाचांदण' या आत्मचरित्राला त्यांनी 'एक वनोपनिषद' असं उपशीर्षक दिलं, तेही आम्हाला जरा खटकतं. उपनिषदातसुद्धा शिष्य प्रश्न विचारतो, पुन्हा विचारतो. इथे विचारणारा कोणी नाही.

याउलट 'निळावंती'. प्राण्यापक्ष्यांची भाषा शिकवणारा ग्रंथ, तो वाचणाऱ्याचं बरं होत नाही, ही दंतकथा. इथे त्यांची कल्पना मोकळी धावते आणि कुणाची फसवणूक होत नाही, कारण आपण दंतकथेच्या रानात शिरलो आहोत हे दारातच कळतं. आता मोबाइलवर पोरं त्या ग्रंथाची पीडीएफ शोधतात, सरकारने बंदी घातली म्हणतात, तो भाग निराळा. राजशेखराने वाचकांचे, म्हणजे भावकांचे, चार प्रकार सांगितले, त्यातला एक सतृणाभ्यवहारी – दाण्याबरोबर गवतही गिळणारा. बैलांच्या मुलखात याहून जास्त सांगायला नको. मोठ्या लेखकाला असे भक्त फार भेटतात. जो मत्सरी नाही आणि गवतही खात नाही असा तत्त्वाभिनिवेशी वाचक त्याला क्वचित मिळतो. तसं वाचायलाही प्रतिभा लागते. राजशेखर तिला भावयित्री म्हणतो. म्हणजे समीक्षकालाही कल्पनेशिवाय सुटका नाही, बघा.

मघा मागच्या रांगेतून एकांनी विचारलं, "मंग कावळ्याचं खरं का खोटं, सर?" आम्हाला काय ठाऊक! आम्ही नगरवासी. रानाच्या काठी तुम्ही राहता. मे महिना फार दूर नाही. दिघोरीच्या पोरांनी शिवारातली घरटी मोजावी. झाड कोणतं, उंची किती, तारीख काय. पण नुसती घरटी मोजून भागणार नाही, झाडंही मोजावी लागतील. धुऱ्यावर बाभळीच जास्त असतील तर घरटीही बाभळीवरच जास्त दिसतील, त्यात पावसाचा काय संबंध? तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे तहसिलीत मिळतात. शेजारच्या गोंदियात सारसांची मोजणी वर्षानुवर्षं चालू आहे, मग कावळ्याची का होऊ नये? एका वर्षाने काही कळायचं नाही. दहा वर्षं तरी लागतील, आणि आम्ही सत्तरी ओलांडलेले. वही आजच देऊन जातो. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत, आणि शेवटचा रकाना आहे – 'स्वतः पाहिलं की कोणी सांगितलं'.